कागद करणे बाकी

आमच्या घरच्या लाकडी कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात, माझ्या वडिलांची एक वही आहे. तांबड्या कापडी पुठ्ठ्याची, लांबट, वाण्याच्या दुकानात असते तशी. कडा वाळवीने थोड्या कुरतडल्या आहेत; पण अक्षर आजही स्वच्छ वाचता येते. बाबांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतच झाले होते. तरी हिशेबाच्या बाबतीत ते मोठे काटेकोर. केळीचे किती लोंगर गेले, पानवेलीची किती पाने बाजारात गेली, बैलांच्या पेंडीला किती पैसे पडले, हे सारे त्या वहीत आहे. बायबलखालोखाल मी जर कुठला ग्रंथ पुन्हा पुन्हा उघडला असेल, तर ती ही वही होय. आणि खरे सांगायचे तर, आयुष्यातली वीस वर्षे मी ज्या ग्रंथाला सर्वांत अधिक भ्यालो, तोही हाच.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना रहाटाची करकर वेगळी सांगायला नको. पहाटेच्या काळोखात ती सुरू होई. विहिरीच्या काठावर बैल गोल गोल फिरत, गाडग्यांची माळ पाण्यात बुडून वर येई आणि पाटाचे पाणी केळीच्या आळ्यांतून, अळवाच्या वाफ्यांतून झुळझुळत जाई. आमच्या रहाटावर एक वारली गृहस्थ होते. 1950च्या सुमारास ते कामाला आले आणि आमच्याच वाडीच्या कडेला, गावठाणातल्या आमच्या मोकळ्या जागेत कुडाची झोपडी बांधून राहिले. आम्ही मुले त्यांना रहाटकाका म्हणत असू. बैलांना हाकताना ते एक संथ, शब्द नसलेला सूर लावीत. त्या सुरावर आम्ही झोपेतून जागे होत असू. पुढे विजेची मोटार आली, रहाट मोडीत निघाला. पण काकांचे नाव मात्र रहाटकाकाच राहिले. ते आमच्याकडेच शेतमजुरी करीत राहिले.

1984 साली बाबा प्रभूकडे गेले. महिन्याच्या मिस्सानंतर त्यांची पेटी आवरताना मला ही वही सापडली. चाळता चाळता एका पानावर थबकलो. रहाटकाकांच्या नावापुढे लिहिले होते : ‘रोज दोन रुपये. पैकी दीड दिला. आठ आणे जागेपोटी जमा.’ पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. 1962पासून 1968पर्यंत सहा वर्षे हे आठ आणे जमा होत गेले होते. शेवटी बाबांनी बेरीज केली होती : ‘एकूण नऊशे रुपये पुरे. झोपडीची दोन गुंठे जागा त्याची झाली. कागद करणे.’

‘कागद करणे’ हे दोन शब्द शेवटचे. त्याखाली पान कोरे होते.

बाबांनी तो कागद का केला नाही, हे मला कधीच कळणार नाही. ते लबाड नव्हते. बहुधा त्यांना वाटले असेल, शब्द दिला आहे, आता घाई कसली? त्या काळी वसईत जमिनीला आजच्यासारखा भाव नव्हता आणि शब्दाला मात्र होता. रहाटकाकांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांनीही कधी मागणी केली नाही. आपला पगार कापून जी जागा आपण विकत घेतली, तिच्यावर आपण राहतोच आहोत, एवढे त्यांना पुरेसे वाटत असावे.

पण मी शिकलेला होतो. मी शाळेत शिक्षक होतो. सातबारा म्हणजे काय, मालमत्तेच्या नोंदी म्हणजे काय, हे मला उत्तम ठाऊक होते. त्या दिवशी ती वही मिटून मी कपाटात ठेवली आणि मनाशी म्हणालो, ‘सवडीने बघू.’

वाचकहो, या ‘बघू’ शब्दाविषयीच मला आज लिहायचे आहे. प्रभू येशूच्या मागे जाण्याच्या वाटेत मोठमोठी पापे आडवी येतात, असे आपण समजतो. माझ्या वाटेत आडवा आला तो हा दोन अक्षरी शब्द. शुभवर्तमानातही तो आहेच. प्रभू एकाला म्हणतो, माझ्यामागे ये. तो म्हणतो, आधी घरचे एक काम उरकून येतो. कोणीही ‘येणार नाही’ असे म्हणत नाही. सगळे ‘येतो, पण नंतर’ असेच म्हणतात.

1993 साली रहाटकाकांचा मुलगा माझ्याकडे आला. ओसरीच्या खाली उभा राहिला. मी ‘वर ये, बस’ म्हटले तरी बसला नाही. म्हणाला, “दादा, आमच्या जागेचा कागद करून देता का? विजेचा मीटर घ्यायचा आहे. ते लोक कागद मागतात. पोरीला दिव्याखाली अभ्यास करावा लागतो.”

मी म्हणालो, “बघू.”

त्याच वर्षांत आमची वसई हिरवी राहावी, इथले पाणी आणि इथल्या बागा इमारतींच्या घशात जाऊ नयेत, म्हणून चळवळ जोरात होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे धर्मगुरू हरित वसईच्या लढ्यात पुढे होते. त्या लढ्याबद्दल मला आजही अभिमान वाटतो. मीही मोर्चात चाललो, घोषणा दिल्या, शाळेतल्या मुलांना बावखलांचे महत्त्व समजावून सांगितले. जमिनीच्या लोभाविरुद्ध मी तावातावाने बोलत असे. आणि घरी आल्यावर खालच्या कप्प्याकडे पाहायचे टाळत असे.

कारण आता त्या दोन गुंठ्यांना भाव आला होता. आमच्या वाडीला रस्त्याचे तोंड होते, ते नेमके त्या झोपडीच्या बाजूने. एक बांधकाम व्यावसायिक दर दोनचार महिन्यांनी येऊन विचारपूस करून जाई. मी त्याला होकार दिला नव्हता, पण नकारही दिला नव्हता. ‘बघू’ एवढेच म्हटले होते. गरिबाला दिलेला ‘बघू’ आणि श्रीमंताला दिलेला ‘बघू’ यांत किती अंतर असते! पहिल्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो आणि दुसऱ्याचा ‘कदाचित हो’.

जुन्या करारात नाबोथाची गोष्ट आहे. अहाब राजाच्या वाड्याशेजारी नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीपाल्याचा मळा करायचा होता. नाबोथाने वाडवडिलांची जमीन द्यायला नकार दिला, तेव्हा राजा भिंतीकडे तोंड करून बिछान्यावर पडून राहिला, जेवेनासा झाला. पुढे राणीने खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाचा जीव घेतला आणि एलिया संदेष्टा त्याच मळ्यात राजासमोर येऊन उभा ठाकला. ही गोष्ट मी धर्मशिक्षणाच्या वर्गात अनेकदा रंगवून सांगितली होती. अहाबाच्या नावाने मुले हसत. आपण भाजीपाला पिकवणाऱ्यांचीच लेकरे आहोत आणि तो राजा आपल्या घरातही राहू शकतो, हे माझ्या कधी लक्षात आले नाही. मी कोणाचा जीव घेतला नव्हता, खोटा साक्षीदार उभा केला नव्हता. मी फक्त खऱ्या साक्षीदाराला कपाटात बंद करून ठेवले होते.

1998 साली वसई धर्मप्रांत स्वतंत्र झाला, तेव्हाच्या धावपळीत मी स्वयंसेवक होतो. धर्मग्रामाच्या मंडळावर होतो. रविवारच्या मिस्साला वाचक म्हणून वेदीजवळ उभा राहत असे. माझा आवाज चांगला आहे असे लोक म्हणत. उपवासकाळात दर शुक्रवारी क्रुसाची वाट चालत असे. चौदाही स्थाने मला पाठ होती. प्रभूच्या मागे मी चौदा स्थाने चालत होतो, पण माझ्या घरापासून त्या झोपडीपर्यंतची पन्नास पावले मला चालवत नव्हती.

2001च्या पावसाळ्यात रहाटकाका वारले. मी अंत्यविधीला गेलो. खर्चासाठी मुलाच्या हातात काही पैसे ठेवले आणि त्याने ते घेतले तेव्हा, सांगायला लाज वाटते, मला स्वतःविषयी बरे वाटले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर रविवारच्या वाचनांचा क्रम तीन वर्षांच्या आवर्तनाने ठरलेला आहे, हे आपण जाणतोच. एकच उतारा तीन वर्षांनी फिरून येतो. 28 सप्टेंबर 2003 हा सामान्य काळातील सव्विसावा रविवार होता. दुसरे वाचन माझ्याकडे होते. उतारा याकोबाच्या पत्रातला, पाचव्या अध्यायाच्या आरंभीचा. घरी तयारी करताना नेहमीप्रमाणे उच्चारांकडे लक्ष दिले, कुठे थांबायचे ते पेन्सिलीने खूण करून ठेवले. मग वेदीजवळ उभा राहून वाचू लागलो. ज्या मजुरांनी शेते कापली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी आक्रोश करते आहे आणि तो आक्रोश परमेश्वराच्या कानांपर्यंत पोहोचला आहे, असा त्या उताऱ्याचा आशय आहे.

त्या ओळीवर माझा आवाज अडला. लोकांना वाटले, घसा बसला. पण मला त्या क्षणी बाबांचे अक्षर दिसत होते : आठ आणे जमा. आठ आणे जमा. आठ आणे जमा. मजुरी अडकवून ठेवलेली! याहून चपखल वर्णन कोणी करू शकले नसते. जागा दिली असती तर ती बचत ठरली असती. दिली नाही, म्हणून ती अडकवलेली मजुरी ठरली.

नंतर बसल्या बसल्या हिशेब केला. हाच उतारा 1994 साली आला होता, 1997 साली आला होता, 2000 साली आला होता. तीनही वेळा मी मंदिरात होतो. परमेश्वर दर तीन वर्षांनी माझ्या दारावर येऊन हाक मारीत होता आणि मी त्याच्या हाकेचे व्याकरण तपासत होतो. त्याच मिस्साला शुभवर्तमान होते ते मार्कचे. हात पापाला कारण होत असेल तर तो तोडून टाकावा, असे सांगणारे. माझा हात वर्षानुवर्षे एका कपाटाच्या कडीवर होता.

त्या शनिवारी मी पापनिवेदनाला गेलो. गुपिताची मर्यादा धर्मगुरूंवर असते. माझ्या स्वतःच्या कबुलीविषयी मी बोलू शकतो. मी नेहमीची यादी सांगितली, राग, आळस, प्रार्थनेतले अवधान सुटणे. आणि शेवटी, जणू किरकोळ गोष्ट असावी तशी, ही हकिकत सांगितली. फादर थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, “ज्याचे आहे, ते त्याला दिलेत का?” मी म्हणालो, “देईन, बघतो.” ते म्हणाले, “बघायचे काय आहे? वही तुम्ही पाहिलीच आहे ना?”

1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात ही शिकवण स्पष्ट आहे. अन्यायाने जे आपल्याकडे आले ते मूळ मालकाला परत केले पाहिजे; नुसता पश्चात्ताप पुरत नाही. तिथे उदाहरण आहे ते जक्कयाचे. तो जकातदार उंबराच्या झाडावरून उतरला, प्रभूला घरी घेऊन गेला आणि उभा राहून म्हणाला की, ज्याचे मी लुबाडले त्याला चौपट परत करीन. प्रभूने त्याच्याकडे काहीच मागितले नव्हते. प्रभू घरात आल्याबरोबर जक्कयाला आपल्या घरातल्या कोणत्या वस्तू आपल्या नाहीत, हे दिसू लागले, एवढेच. जर्मन धर्मपंडित डीट्रिख बोनहोफर यांनी 1937 साली शिष्यत्वावर एक ग्रंथ लिहिला; पुढे हिटलरला विरोध केल्याबद्दल 1945च्या एप्रिलमध्ये त्यांना फाशी देण्यात आले. किंमत न मोजता हवी असलेली कृपा, म्हणजे ‘स्वस्त कृपा’, हे त्यांचे दुखणे होते. मी वर्षानुवर्षे अशीच स्वस्त कृपा घेत आलो होतो, तीही उधारीवर.

घरी येऊन पत्नीला सारे सांगितले. वहीविषयी तिला ठाऊक नसावे, अशी माझी समजूत होती. ती म्हणाली, “मला माहीत आहे. दर नाताळच्या आधी कपाट मीच पुसते ना! तुम्ही वही जाळली नाहीत, म्हणून मी वाट पाहत होते.” इतकी वर्षे ती माझ्यासाठी काय प्रार्थना करीत असेल, ते त्या दिवशी उमगले.

पुढचे सोपे झाले असे मात्र नाही. धाकट्या भावाची सही लागणार होती. तो चिडला. “बाबांनी सोळा वर्षे दिले नाही ते तू का देतोस? रस्त्याचे तोंड गेले तर उरलेल्या जागेला कोण विचारणार?” त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. ती दोन गुंठे गेल्यावर तो बांधकाम व्यावसायिक खरोखरच पुन्हा फिरकला नाही. भावाने सही केली, पण पुढची चार वर्षे तो आमच्या घरी जेवायला बसला नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. शिष्यत्वाची किंमत आपल्याबरोबर आपल्या माणसांनाही मोजावी लागते आणि ती त्यांना न विचारता त्यांच्यावर पडते, हे आपल्या उपदेशांत क्वचितच येते, म्हणून नोंदवतो.

वकिलांनी सुचवले, “बक्षीसपत्र करा. तुमचे नावही होईल.” मसुदा समोर आला. त्यात लिहिले होते की, अमुक यांच्या प्रामाणिक सेवेवर संतुष्ट होऊन मी प्रेमापोटी ही जागा बक्षीस देत आहे. वाचून क्षणभर सुखावलो. मग वही आठवली. बक्षीस? सहा वर्षे एका माणसाने आपल्या पोटातले आठ आणे रोज कापून दिले, आणि मी त्याच्या मुलाला बक्षीस देणार! डोंगरावरील प्रवचनात प्रभूने दानाचा डंका वाजवणाऱ्यांविषयी इशारा दिला आहे. पण जे दानच नव्हे त्याचा डंका वाजवणाऱ्याला काय म्हणावे? मी वकिलांना म्हणालो, खरेदीखत करा. किंमत पूर्वीच मिळाली आहे असे लिहा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि मसुदा बदलला. मुद्रांक शुल्क मी भरले. जानेवारी 2004मध्ये दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदणी झाली.

नोंदलेला कागद रहाटकाकांच्या मुलाच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट पाहिला, कपाळाला लावला नाही, माझ्या पाया पडला नाही. म्हणाला, “दादा, हा बापाला दाखवायला हवा होता.” आणि आत निघून गेला.

बस, एवढेच. मी तिथे उभा राहिलो. त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. जमीन परत देता येते. पण एका म्हाताऱ्या माणसाची निर्धास्त झोप, ‘हे माझे आहे’ असे म्हणत मरण्याचे समाधान, ते परत देण्याचा कागद कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. जक्कयाने चौपट दिले. मी जे देणे होते तेवढेही पूर्ण दिले नाही. उशिराचे व्याज बाकीच राहिले.

पुढच्या रविवारी मंदिराच्या आवारात एकाने हात हातात घेऊन म्हटले, “सर, आदिवासीला जमीन दान केलीत, मोठे मन पाहिजे!” मी नुसता हसलो. तो खोटेपणाच झाला. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या एकाने तेच म्हटले तेव्हा मात्र सांगितले, “दान नव्हे हो, देणे होते. वीस वर्षे थकलेले.” त्याचा चेहरा पडला. माझा जीव मात्र हलका झाला. सात्त्विक जगणे म्हणजे काय, याची पुस्तकी व्याख्या मला येत होती. तिची खरी चव त्या एका वाक्यात पहिल्यांदा कळली.

आपल्या वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया याची मिरवणूक आपण भक्तीने काढतो. तो जपानमध्ये व्यापार करीत होता, चार पैसे गाठीला होते. ते सोडून तो मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला, पुन्हा जपानला गेला, सोबतच्या धर्मगुरूंचा दुभाषी झाला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर मेला. 1862 साली त्याला संतपद मिळाले. आपल्याला त्याचा क्रूस आठवतो. मला मात्र अलीकडे त्याचे दुकान आठवते. त्या दुकानाचा हिशेब त्याने कसा मिटवला असेल? कोणाचे देणे ठेवून तो प्रभूच्या मागे गेला नसणार, असे मला आपले वाटते. क्रुसाचा मान सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. हिशेब मिटवण्याची संधी मात्र सर्वांना मिळते.

आज मी पंचाहत्तरी ओलांडली आहे. डोळे अधू झाल्याने वाचकाची सेवा सोडली. 29 सप्टेंबर 2024 रोजी तोच सव्विसावा रविवार आणि तोच उतारा पुन्हा आला. एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने तो वाचला. अडकवलेल्या मजुरीच्या ओळीवर ती अडखळली नाही. मी मनात म्हटले, परमेश्वरा, तिला कधी अडखळावे न लागो.

मिस्साहून परतताना त्या दोन गुंठ्यांवरून वाट जाते. झोपडीच्या जागी आता पक्के घर आहे, बाहेर विजेचा मीटर आहे. रहाटकाकांचा मुलगाही म्हातारा झाला आहे. तो ओट्यावर बसलेला असतो. पूर्वी तो माझ्या ओसरीखाली उभा राहत असे. आता मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसतो. फारसे बोलणे होत नाही. तो चहा सांगतो, मी घेतो.

घरी आल्यावर मी वही काढली. 1968च्या त्या पानावर, बाबांच्या ‘कागद करणे’ या शब्दांखाली, 2004 साली मी तारीख घालून लिहिले होते : ‘केला.’ त्याखाली अजून बरीच जागा कोरी आहे. प्रत्येकाच्या घरी अशी एखादी वही असते. कधी कपाटात, कधी नुसती मनात. कोणाची थकलेली मजुरी, कोणा बहिणीचा न दिलेला वाटा, कोणाची न मागितलेली क्षमा. वेदीवर अर्पण आणताना बंधूशी काही राहिले असल्याचे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असे प्रभूने सांगितले आहे. रविवारच्या घंटेला अजून अवकाश आहे. तेवढ्यात खालचा कप्पा एकदा उघडून पाहावा.